बेहड्याच्या वळणावरचे गोटे

पिपरी मेघे,
ता. २७ नोव्हेंबर १९७८

कमलाबाईले लहानूचा जयभीम.

तुह्यी पुडी बापूराव मास्तराच्या हाती पोचली. सात गोटे निघाले. मास्तर विचारे, गिरडच्या टेकडीवरचे हे सुपारीएवढे गोटे नेऊन तुम्ही बहीण-भाऊ करता तरी काय? मी म्हटलं, आमच्या बाईले काहीतरी पाठवाची सवय हाय. हसले बिचारे अन् गेले.

काल रविवारी साहेबाच्या सासुरवाडीचे पावणे आलते पुण्याहून. त्याईले जंगल पाहाचं होतं. मंग काय, काढली मी रस्ते-बांधकाम खात्याची जीप. तू म्हणते ना, हिंगणीपासून सांगत जा, काही गाळू नको, म्हणून हिंगणीपासूनच सांगतो.

हिंगणी सोडली का कापसाची वावरं लागते. वेचणी सुरू हाय, बायाईच्या ओट्या फुगलेल्या. मंग धरणाची भिंत. यंदा पाणी काठोकाठ हाय, पलीकडली टेकडी पाण्यात उलटी दिसे. साहेबाची सासू म्हणे, "अगं बाई, हे आपल्या महाराष्ट्रात आहे?" मी मनात म्हटलं, नाई तर का विलायतेत हाय? धरणामागून कच्चा रस्ता सुरू झाला. लाल मुरूम, दोन्ही बाजूनं साग, पानं किड्याईनं खाऊन चाळणी केलेली. पहिल्या नाल्याले टाचभर पाणी, दुसरा कोरडा. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. वर माथ्यावरून एकदा सारं धरण दिसते, जेवाच्या थाळीएवढं. मंग उतार लागला, अन् उताराच्या पायथ्याशी, वळणावर, आपलं बेहड्याचं झाड.

तिथे मी गाडी उभी केली. इंजन तापलं म्हणून सांगतलं अन् बॉनेट उघडून ठेवलं. खिशातून एक गोटा काढला, झाडाखालच्या गोट्याच्या ढिगावर ठेवला, एक डाव हॉर्न दाबला. भाटव्याले म्हटलं, हा बाईचा.

साहेबाच्या मेव्हण्यानं विचारलं, ढीग कशाचा? मी सांगतलं, इथे लाकडाच्या ट्रकचा डायवर वाघानं नेला. रेडिएटरात टाकाले नाल्याचं पाणी आणाले उतरला होता. ज्या जागी माणूस वाघानं नेला, तिथून जाणाऱ्यानं एक गोटा ठेवाचा, अशी या जंगलातली रीत हाय. नाव काय त्याचं, म्हणे. म्हटलं, गुलाब. तो माहा भाटवा, माह्या सख्ख्या बहिणीचा नवरा होता, हे नाई सांगतलं. सांगतलं असतं तर त्याईचा रविवार नासला असता.

बाबाले यातलं काही माहीत नाई. धोंडे-गोटे आपल्या घरातून छप्पन सालीच गेले, तुले ठावं हाय. रामाजीचा पोरगा जंगलात गोटे मांडते, असं कोणी त्याईच्या कानावर घातलं तर मले घरातून काढन. मी बी मानत नाई. पण तुह्यं नाव घेऊन गोटा ठेवला का हाताले बरं वाटते, खोटं काऊन सांगू?

तुहा,
लहानू


गिरड,
ता. १० डिसेंबर १९७८

लहानू,

पत्र तीन डाव वाचलं. दुसऱ्या नाल्यानंतर उजव्या हाताले हत्तीएवढा खडक हाय, तो तू गाळला. मले काही विसरत नाई, समजलं ना? मी त्या रस्त्यानं एकच डाव गेली, पण पाठ हाय.

लग्नाले महिना झाला होता. सालईटोल्याले लाकूड भराले जाचं होतं, अन् त्याईनं मले ट्रकच्या कॅबिनमध्ये बसवलं. क्लीनर मागे लाकडावर बसला. मी पदर दातात धरून बसली होती, रस्ता असा होता का हाडं खिळखिळी व्हावी. ते हसत होते. माथ्यावर गाडी थांबवून मले धरण दाखवलं अन् म्हणाले, "एवढंच हाय आपलं, पाहून घे." मी म्हटलं, धरण काय तुमच्या बापाचं हाय का? तर म्हणे, पाहाले कुठी पैसे लागते?

त्याच्यानंतर सात महिन्यानं ते गेले. मले तिथे कोणी नेलं नाई. बाईमाणसानं जाऊ नये म्हणे. जे काही आणलं ते चादरीत बांधून आणलं, अन् चादर मले उघडू देल्ली नाई. बाबानंच माहे हात धरून ठेवले होते. त्या गाठोड्याले आग देल्ली, मी पाह्यलं, पण त्यात ते होते असं मले अजून वाटत नाई. माह्यासाठी ते तिथेच हाय, बेहड्यापाशी.

इकडे मी पाच गावं पायी फिरते, बायाईची बाळंतपणं करते. टेकडीवर दर्ग्याले लोक जाते, मी गोटे वेचाले जाते. मले एकदा माह्या हातानं तिथे गोटा ठेवाचा हाय, लहानू. तिथे एसटीची मोटार जात नाई, तुह्या सरकारी जीपमध्ये मले बसता येत नाई, म्हणून तुह्या हातानं ठेवते. एक दिवस मोटार सुरू होईन, तवा मी येईन. बाकी माहं कोणाकडे काही मागणं नाई.

गवत वाढलं का ढिगावर? बाकीचे डायवर ठेवते का गोटे? नीट सांगजो.

कमला


पिपरी मेघे,
ता. १८ फेब्रुवारी १९७९

बाई,

हत्तीखडक गाळला, चुकलो. कान धरतो.

या खेपेले कोणी पावणे नव्हते, मोजमाप कराले साहेब एकटेच होते. सागाची पानं गळून गेली, जंगल आरपार दिसते. पळस फुटून राह्यला. माथ्यावरून धरण पाह्यलं तर पाणी उतरलं होतं अन् काठाची माती उघडी पडली होती. त्या मातीत पक्ष्याईचे पाय उमटलेले वरून बी दिसे, खोटं वाटन तुले.

ढीग माह्या छातीएवढा झाला हाय. पण खरं सांगतो, गवतात लपला. जुने ट्रकवाले गेले, नवीन पोरं आली, त्याईले काही माहीत नाई. मागच्या आठवड्यात एकानं तर ढिगाले मागचं चाक टेकवून गाडी उभी केली होती. मी शिव्या घातल्या. तो म्हणे, उस्ताद, मले का ठावं, दिसतच नाई ना! त्याचं बी बरोबर हाय.

तुहे दोन गोटे ठेवले. चार शिल्लक हाय.

लहानू


गिरड,
ता. ६ मार्च १९७९

लहानू,

चाक टेकवलं हे वाचून माह्यं जेवण गेलं.

असं कर. इथे दवाखान्याच्या भिंतीले चुना माराले आणला होता, त्यातला अर्धा पायलीभर उरला. बंडूजीच्या हाती पाठवून राह्यली. गवत काप अन् साऱ्या ढिगाले चुना मार. वरपासून खालपर्यंत, हात राखू नको. माथ्यावरून उतरतानाच पांढरं दिसलं पायजे, म्हणजे कोणी म्हणणार नाई का दिसलं नाई. अन् मी जवा मोटारीनं येईन, तवा मले बी दुरून वळखता येईन. कोणाले विचाराची पाळी नको.

आळस करशीन तर याद राख. मी तुह्याहून नऊ वर्षानं मोठी हाय.

कमला


पिपरी मेघे,
ता. १५ एप्रिल १९७९

बाई,

झालं तुह्यं काम! बादलीत चुना भिजवला, अंबाडीचा कुंचा केला, गवत कापलं अन् दोन हात मारले. हाताची सालटं निघाली, पण असा पांढराशुभ्र झाला का विचारू नको. माथ्यावरून पाह्यलं, सागाच्या खोडाईतून चमके. मोह पडून राह्यला, सारं जंगल आंबूस-गोड वासानं भरलं. भाटव्याले म्हटलं, घ्या, बाईनं घर रंगवून देल्लं.

मी चुना मारत होतो तवा चिंधू मुकादम सायकलवर आला. उतरून पाहातच राह्यला. म्हणे, "काऊन बे लहानू, मोजला का ढीग?" आमच्या खात्यात रस्त्याच्या कडेचा गिट्टी-दगडाचा ढीग मोजून झाला का त्याच्यावर चुना मारते, म्हणजे तोच ढीग कोणी दुसऱ्या डाव मोजू नये. मी म्हटलं, "मोजला ना, माह्या बहिणीनं मोजला." दोघं बी पोट धरून हसलो. चिंधू चांगला माणूस हाय, त्यानं बी एक गोटा ठेवला.

आता खरी खबर ऐक. धरणामागून सालईटोल्यापर्यंत रस्ता पक्का होणार हाय. मंजूर झाला. साहेबाच्या तोंडून ऐकलं, गप्पा नाई. रस्ता झाला का मोटार सुरू. लाग तयारीले!

लहानू


गिरड,
ता. २ मे १९७९

लहानू,

तुह्यं पत्र आलं त्या दिवशी माह्या हातून एका बाईले जुळं झालं, अन् दोन्ही रडले. तुह्या पत्राचा पायगुण म्हटलं.

टेकडीवर जाऊन माह्यासाठी एक गोटा निवडला. मुठीत मावते, गोल हाय, मधून काळी रेघ गेलेली. पेटीत लुगड्याखाली ठेवला हाय. हा तुह्याजवळ देणार नाई, हा माह्या हातचा.

रस्ता कुठपर्यंत आला, दर पत्रात कळवजो. मोटारीत कोण्या बाजूनं बसू, म्हणजे बेहडा दिसन?

कमला


पिपरी मेघे,
ता. २३ मार्च १९८०

बाई,

पत्र उशिरा लिहून राह्यलो, राग नको. जानेवारीपासून दोन महिने साहेबासोबत आर्वीकडे होतो, कालव्याच्या कामावर. परवा इकडे आलो.

धरणामागचा रस्ता झाला. पाणी यंदा बरं हाय. काठावर करकोचे होते, पांढरे, बरेच होते. पळस फुलला. पलीकडल्या टेकडीवर ढगाची सावली सरकताना पाह्यली, हळूहळू सारी टेकडी काळी झाली अन् पुन्हा उजळली. नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल, बांधला. हत्तीखडक हाय तिथेच हाय. माथ्यावरून धरण छान दिसे.

मोटारीत डाव्या बाजूनं बसजो. पण मोटारीचं काही खरं नाई, अजून दोन-तीन वर्षं तरी नाई.

ढीग बरा हाय. गोटा ठेवला.

लहानू


गिरड,
ता. ८ एप्रिल १९८०

लहानू,

तुह्या पत्रात करकोचे हाय, ढग हाय, पण बेहडा नाई. हॉर्न वाजवला का, ते नाई. भाटव्याले काय म्हटलं, ते नाई. "ढीग बरा हाय" असं तू कधी लिहिलं नव्हतं. बिमार माणसाले पाहून आल्यावर लोक असं बोलते.

मी दवाखान्यातली बाई हाय, माह्यापासून कोणी लपवत नाई, अन् लपवलं तर ते मले दिसते. बाबाले समजलं ना? कोणीतरी चुगली केली अन् बाबानं तुह्याकडून वचन घेतलं, आता तू गोटे ठेवत नाई. खरं का खोटं, ते लिही. बाबानंच तवा माहे हात धरून ठेवले, अन् आता तुहे बी धरले असन. असं असन तर तसं सांग, मी तुले बोल लावणार नाई.

कमला


पिपरी मेघे,
ता. १९ एप्रिल १९८०

बाई,

तुले काय सांगू? हो, बाबाले समजलं. लय बोलले. म्हणून आता उघड थांबता येत नाई, जाता जाता ठेवतो, हॉर्न वाजवत नाई. पण ठेवतो, शपथ. तू बाबाले काही लिहू नको, बोलू बी नको, उगाच घरात आग लागन.

लहानू


गिरड,
ता. ३० एप्रिल १९८०

लहानू,

बरं झालं सांगतलं. काही बोलणार नाई मी. पण यंदा सुटीत घरी येणार नाई. बाबाले सांग, कमलाले काम हाय.

एवढी वर्षं झाली, तरी त्याईले माह्या एका गोट्याचा राग. देव मानू नका म्हणते, बरोबर हाय, मी बी मानत नाई. पण नवरा बी मानू नको का?

गोटे ठेवत जा. मले ते पुरे हाय.

कमला


पिपरी मेघे,
ता. १२ सप्टेंबर १९८२

बाई,

तू येऊन गेली, त्याले आज आठ दिवस झाले. घर सुनं सुनं वाटते. बाबाची काठी दारामागेच हाय, कोणी हलवली नाई.

मले तुह्याशी बोलाचं होतं, पण तू मयतीच्या दिवशी आली अन् संध्याकाळच्या मोटारीनं निघून गेली. शेवटी शेवटी बाबा विचारत होते, कमला काऊन येत नाई, आपलं काही चुकलं का? मी म्हटलं, तिले काम हाय.

पाऊस उघडला हाय. गोटे ठेवत असतो.

लहानू


गिरड,
ता. २ नोव्हेंबर १९८३

लहानू,

मी तुले पत्रात विचारत होती, अन् तू लिहीत होता का मोटारीचं काही खरं नाई. पण आमच्या दवाखान्याच्या अण्णाजीची लेक सालईटोल्याले देल्ली, ती काल माहेरी आली ती मोटारीतच बसून आली. वर्धा-सालईटोला, महिना झाला म्हणे सुरू होऊन. तुले माहीत नव्हतं का, का तुले वाटलं मी भिईन म्हणून?

मी भीत होती, खरं हाय. आता नाई भीत. मंगळवारी, आठ तारखेले, रजा घेतली. सकाळच्या मोटारीनं वर्ध्याले येते, तिथून सालईटोल्याची गाडी धरते, अन् कंडक्टरले म्हणते, बेहड्याच्या वळणावर मिनिटभर थांबव बाप्पा. थांबवन तो. नाई तर सालईटोल्याहून पायी मागे येईन, मले पायी चालाची सवय हाय.

तू येऊ नको. मले एकटीनं जाचं हाय. पंचेचाळिशीची झाली मी, नवऱ्याच्या घरी पहिल्यानदा जाते असं वाटून राह्यलं. हसू नको.

कमला


पिपरी मेघे,
ता. ८ नोव्हेंबर १९८३

बाई,

तुह्यं पत्र आज दुपारी मिळालं. मी तीन दिवस हिंगणघाटकडे ड्युटीवर होतो. वाचलं अन् तसाच स्टँडवर धावलो. गाडी सकाळीच गेलती. मंग तिथेच बसून राह्यलो. परतीची गाडी आली, तू उतरली. मी तुले पाह्यलं. पानठेल्यामागे होतो. समोर याची हिंमत झाली नाई. तुह्यी मूठ बंद होती.

आता सारं सांगतो. आधीच सांगाले पायजे होतं.

मी आर्वीकडे होतो, त्या दोन महिन्यात रस्त्याचं काम झालं. चिंधू मुकादम बिमार पडला होता, म्हणून दुसरीकडली गँग आणली. त्याईनं कडेचे चुना मारलेले सारे ढीग पसरवले. भाटव्याचा ढीग बी पसरवला. त्याईची चूक नाई. चुना दिसला म्हणजे मोजलेला माल, आमच्याकडे असंच हाय, मी बी तेच केलं असतं. वरून गिट्टी, मुरूम, पाणी, अन् रोलर. पुढल्या सालाले डांबर पडलं. बेहडा बी तोडला अन् वळण सरळ केलं. मी त्या मुकादमाची कॉलर धरली. तो म्हणे, "भाऊ, माणसाचा ढीग होता तर त्याले चुना काऊन मारला?" मी कॉलर सोडली.

तुहे गिरडचे गोटे गोल, ते रोलरखाली दबत नाई, उडते. मी नाल्यात उतरून शोधले, तीन सापडले. ते अन् दुसरे गोटे घेऊन मी तीनदा नवा ढीग मांडला. साईडपट्टी साफ करताना तिन्ही डाव उचलला गेला. रस्ता नवा होता, त्याच्यावर कोणी कचरा ठेवू देईना.

बाबाले कधीच काही समजलं नव्हतं. तू विचारलं अन् मी हो म्हटलं, मले लपाले जागा भेटली. ते शेवटपर्यंत विचारत राह्यले, कमला काऊन येत नाई. हे मी केलं.

चुना माराचं माह्याच डोक्यात आलतं. खात्यात पंधरा वर्षं काढली, चिंधू तोंडावर बोलून गेला, तरी मले उमगलं नाई, हसत बसलो. दोष सारा माहा हाय. तू काही मनाले लावून घेऊ नको. तुहा त्यात काही हात नाई.

मी ती जीप सोडली, साहेबाले सांगून दुसरीकडे ड्युटी घेतली. त्या रस्त्यानं मी तीन वर्षं झाले गेलो नाई. त्याच्यानंतर पाणी, पळस, करकोचे जे काही लिहिलं, ते सारं जुन्या ध्यानातून लिहिलं.

लहानू


गिरड,
ता. १४ नोव्हेंबर १९८३

लहानू,

तुह्यं पत्र आलं. त्याच्या आधीच मले दिसलं होतं, म्हणून नवीन रडू आलं नाई.

मी डाव्या बाजूनं बसली होती, तू सांगतलं तशी. हिंगणी गेली, धरण आलं. पाणी भरलेलं होतं, टेकडी उलटी दिसत होती. पलीकडल्या खिडकीतून हत्तीखडक दिसला, त्याच्यावर कोणी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढून ठेवला हाय. घाटात गिअर बदलला, मी कानानं वळखला. माथ्यावरून धरण दिसलं. मंग गोटा हातात घेतला अन् पांढरं पाहात बसली. गाडी अशी सुरळीत चालली होती का माह्या बाजूची बाई गाढ झोपली. पांढरं काही आलं नाई. एकदम घरं आली, कोंबड्या आल्या, अन् कंडक्टर म्हणे, "उतरा, सालईटोला." मी म्हटलं, बेहड्याचं वळण? तो म्हणे, "बाई, ते तर कवाचं मागे गेलं. आता तिथे वळण बी नाई अन् बेहडा बी नाई. रस्ता पाहा ना किती झक्कास झाला." सारे उतारू हो म्हणाले. पंधरा मिनिटं वाचते म्हणे.

पायी मागे आली. कोसभर चालली. जिथे उतार संपते तिथे उभी राह्यली, पण उतार तर दोन ठिकाणी संपते. दोन्हीकडे उभी राह्यली. कुठी ठेवू? डांबरावर ठेवला तर चाकाखाली येईन, कडेले ठेवला तर तो नुसता गोटा हाय. परतीची गाडी आली, हात दाखवला, बसली. जाताना एक डाव अन् येताना एक डाव, दोनदा त्याईच्या अंगावरून गेली मी, अन् गाडी हादरली बी नाई.

पानठेल्यामागे तू उभा होता, ते मले दिसलं होतं. ठेल्याखालून तुहे पाय दिसत होते. लहानपणी बी तू असाच लपे. हाक मारणार होती. पण तू समोर आला असता तर तुले विचारावं लागलं असतं, अन् तुले सांगावं लागलं असतं. म्हणून गिरडकडे याले समुद्रपूरची गाडी धरली.

आता तुह्या पत्राचं. चुना तुह्या डोक्यात आला होता, असं तू लिहिलं. लहानू, माह्यं ते पत्र तुह्या पेटीत असन, सहा मार्चचं. वरपासून खालपर्यंत मार, हात राखू नको, असं मी लिहिलं. चुना बी माह्याच दवाखान्याचा. त्याईले वाघानं एक डाव नेलं, दुसऱ्या डाव मी नेलं. हे तू चार वर्षं एकट्यानं पोटात ठेवलं, मले समजू नये म्हणून. ते पत्र काढून चुलीत टाक. तू जाळलं नाई तर मी येऊन जाळीन.

पण बाबाचं जे केलं, त्याले मी काय करू? मयतीले आली तवा मी त्याईच्या पायाले हात लावला नाई. सारे लावत होते, मी भिंतीले टेकून उभी होती. मनात म्हटलं, तुम्ही माहा एक गोटा ठेवू देल्ला नाई. अन् त्या माणसाले गोट्याचा पत्ताच नव्हता. तुह्यावर रागवावं तर तू माह्यासाठी खोटं बोलला. नाई रागवावं तर बाबा डोळ्यासमोर येते. रोज सकाळी उठते अन् दोन्ही करून पाहाते, दोन्ही जमत नाई.

गोटा परत आणला. टेकडीवर टाकाले गेली होती, पण तिथे तसे हजार पडले हाय, त्यात टाकवला नाई. पेटीत ठेववत नाई. इथे टेकडीवरून वारा येते, दवाखान्याचं दार सारखं आपटते अन् बाळंतिणी दचकते. त्या दाराले लावून ठेवला. काम देते.

तू जेवत जा. डोळे तपासून घे, अक्षर वाकडं येऊन राह्यलं. बाबाची काठी माह्यासाठी ठेवजो, मी नेईन. पत्र लिहीत जा, तुह्याबिगर मले कोणी लिहीत नाई. घरचं लिही, तब्येतीचं लिही.

रस्त्याचं लिहू नको.

कमला